बांधावरच्या गोष्टी : राघ्या, राघो आणि रघुनाथ



या खेपेला खताची मात्रा नाही, की नागलीवरच्या करप्याचा उपाय नाही. या खेपेला एका नावाची गोष्ट सांगणार आहे. नावात काय सांगण्यासारखे असते, असे तुम्ही म्हणाल. पण मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर परवा जे घडले, ते ऐकले की तुम्हीही आपापल्या घरातली पेटी उघडून कागद बघायला बसाल.

पाड्यावर शेतकरी ओळखपत्राची नोंदणी चालू होती. आंब्याखाली टेबल, टेबलावर यंत्र आणि भोवती माणसे. सत्तरी ओलांडलेले एक बाबा पुढे आले. नागली, वरई आणि थोडे भात पिकवणारे. त्यांनी पिशवीतून तीन कागद काढले. सातबाऱ्यावर नाव होते 'राघ्या', आधार कार्डावर 'राघो' आणि बँकेच्या पासबुकात 'रघुनाथ'. मुलगा एकदा मुंबईला कामाला गेला होता, त्याने खाते उघडताना 'चांगले' नाव घातले. यंत्राला काही हे तिघे एक वाटेनात. नोंदणी अडली. किसान सन्मानाचे वर्षाला मिळणारे ६००० रुपयेही त्यापायी आधीच अडलेले.

बाबा म्हणाले, "भाऊसाहेब, माणूस एकच हाय. कागदावर तीन झालेत. आता यातला खरा कोणता, ते तुमीच सांगा."

मागे त्यांची सून उभी होती, पदराखाली महिन्याचे लेकरू. घरात वाद चाललेला. बाबांच्या मनात नातवाला आपले नाव द्यायचे होते. सुनेचे म्हणणे, "जुनं नाव नको. शाळेत पोरं हसतील. आणि या नावापायी मामंजींचं झालं तेवढं पुरं." मला म्हणाली, "भाऊसाहेब, तुमीच सांगा, या नावात हाय काय?"

तिला तिथे जे सांगितले, तेच तुम्हाला जरा सविस्तर सांगतो.

'रघू' हा शब्द फार जुना. संस्कृतात त्याचा अर्थ चपळ, वेगाने धावणारा. सूर्यवंशात रघू नावाचा राजा होऊन गेला. रघूचा मुलगा अज, अजाचा दशरथ आणि दशरथाचा राम. म्हणजे रघू हा रामाचा पणजा. रघूच्या कुळातला म्हणून राम राघव झाला आणि रघूंचा नाथ म्हणून रघुनाथ. आपल्या तोंडी राघवाचे राघो झाले, रघुनाथाचे राघोबा झाले, मान द्यायचा तर राघोजी आणि लाडाने हाक मारायची तर राघू.

राघू म्हणजे पोपटही, हे तुम्हाला सांगायला नको. आणि तारेवर बसून भुर्रकन उडणारा, हवेतल्या हवेत किडा टिपून परत जागेवर येणारा तो हिरवा लहान पक्षी, त्याला आपण वेडा राघू म्हणतो. तो वेडा बिडा काही नाही. उडते किडे खाऊन तो शेतकऱ्याचे काम फुकटात करतो. ओढ्याच्या, बांधाच्या मातीत बीळ करून घरटे घालतो. बांध तासताना असे बीळ दिसले तर तेवढी जागा सोडा.

आता या नावाची माणसे बघा. मराठी मुलखात ती पुष्कळ झाली, पण मी चौघांचीच गोष्ट सांगतो. त्यातल्या दोघांचा आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याशी संबंध आहे. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याआधी जव्हार आणि मोखाडा हे ठाणे जिल्ह्याचेच तालुके.

पहिले रघुनाथराव पेशवे, लोकांच्या तोंडचे राघोबादादा. १७५८ साली त्यांच्या फौजा लाहोर घेऊन सिंधूपर्यंत पोचल्या. 'अटकेपार झेंडा' असे आपण म्हणतो ते त्या स्वारीवरून. तलवारीचा माणूस थोर. पण पुढे पेशवाईच्या गादीसाठी त्यांनी इंग्रजांचा आसरा घेतला. मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह झाला आणि त्यात साष्टी बेट आणि वसई इंग्रजांना द्यायचे त्यांनी कबूल केले. त्याआधी दोनच महिने, डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतलेला होता. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांकडे परत आली, साष्टी मात्र गेली ती गेलीच. रणात मिळवलेले कागदावर कसे जाते, हे या राघोबाकडून शिकावे.

दुसरे राघोजी भांगरे. हे आपले. अकोले तालुक्यातल्या देवगावचे महादेव कोळी. आपल्या मोखाड्याच्या डोंगरांपासून तो मुलूख काही फार लांब नाही, सोयरिकी आजही जुळतात. वडील रामजी भांगरे. त्या काळी डोंगरातल्या शेतकऱ्याची गत अशी की धान्यासाठी सावकाराच्या दारी जायचे, वहीवर अंगठा उठवायचा आणि काही वर्षांत जमीन सावकाराची. वहीत काय लिहिले ते वाचता येणारा पाड्यावर कोणी नाही. राघोजींनी सावकार आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले इंग्रज सरकार, दोघांविरुद्ध बंड केले. भाऊ बापू भांगरेही बरोबर होते. सरकारने बरीच वर्षे त्यांचा पाठलाग केला. शेवटी जानेवारी १८४८ मध्ये पंढरपुरात ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली.

हा ठाण्याचा तुरुंग म्हणजे तोच किल्ला, जो इंग्रजांनी १७७४ साली घेतला होता. १८३३ पासून त्याचा तुरुंग झाला. तेव्हा बघा, एका राघोबाच्या कज्जात इंग्रजांचा पाय त्या किल्ल्यात घट्ट झाला आणि पाऊणशे वर्षांनी दुसऱ्या राघोजीला त्याच भिंतींच्या आत फास लागला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्रजांच्या गॅझेटिअरात या वीराचे नाव आहे 'राघू भांगऱ्या'. आपण म्हणतो राघोजी. माणूस एकच. कोणी लिहिले, यावरून नाव बदलले.

तिसरे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. जन्म १८७६, दापोली तालुक्यातले मुर्डी हे खेडेगाव. शिकत शिकत केंब्रिजला गेले आणि १८९९ साली तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे 'सीनियर रँग्लर' झाले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राचार्य झाले. कोकणच्या खेड्यातल्या मुलाला हे नाव काही आड आले नाही.

चौथे डॉक्टर रघुनाथ माशेलकर. जन्म १९४३, गोव्यातले माशेल गाव. वडील लहानपणीच गेले. आईने मुंबईत कष्ट करून शिकवले. मुलगा महापालिकेच्या शाळेत अनवाणी जायचा आणि रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करायचा. तोच पुढे देशातल्या सरकारी प्रयोगशाळांचा, म्हणजे सीएसआयआरचा, महासंचालक झाला. आता शेतकऱ्याने लक्ष देऊन ऐकावे असा भाग येतो. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या गुणाचे पेटंट दिले गेले. म्हणजे आपली आजी जे पिढ्यानपिढ्या करत आली, त्यावर तिकडे हक्क सांगितला गेला. सीएसआयआरने ते प्रकरण लढवले. पण 'आमच्या आजीला माहीत होते' एवढ्यावर भागले नाही. जुने ग्रंथ आणि छापील लेख शोधून पुराव्याला जोडावे लागले. तेव्हा कुठे १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. खरे आपल्या बाजूला होते, तरी कागद लागला.

चौघांचे नाव एक, पण गोष्टी वेगळ्या. एकाने जमीन लिहून दिली, एकाने जमिनीसाठी जीव दिला, एकाने विद्या मिळवली, एकाने आपले ज्ञान दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिले नाही. नाव काही माणसाला मोठे करत नाही. पण नावात हसण्यासारखेही काही नाही, हे मी त्या सुनेला सांगितले.

मग 'राघ्या' आला कुठून? इथे मला माझीच चूक सांगायला हवी.

नोकरीच्या सुरुवातीला मी जव्हार भागात होतो. बियाणे वाटपाची यादी करायची होती. जुन्या नोंदवहीत जसे होते तसे मी उतरवले, गोविंद्या, सोम्या, राघ्या. एका म्हाताऱ्याला हाक मारली, "राघ्या कोण?" तो उठून आला, अंगठा दिला, पिशवी घेतली आणि जाताना हळूच म्हणाला, "साहेब, माझ्या आयनं राघो नाव ठेवलेलं. राघ्या सावकार म्हणायचा." रागावला नाही, भांडला नाही. पण त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेले नाही. वहीतल्या त्या एका 'या'मध्ये सावकार बसलेला होता आणि तो मी, पदवी घेतलेला माणूस, पुन्हा नव्या कागदावर उतरवून घेत होतो. त्या दिवसापासून मी आधी माणसाला विचारतो, मग लिहितो.

घरात आईने लाडाने 'राघ्या' म्हणावे, त्यात माया असते. कचेरीतल्या माणसाने म्हटले की तो अपमान होतो.

हे आपल्याकडेच घडले असे समजू नका. युरोपच्या उत्तरेला एस्टोनिया नावाचा छोटा देश आहे. तिथे पुरुषांचे एक जुने नाव आहे 'युरी'. इंग्रजीत जो जॉर्ज, तोच हा युरी. आपल्या वसईच्या ख्रिस्ती वाड्यांतही जॉर्ज भेटतील. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जमीन कसणारा, म्हणजे शेतकरी. तिथले कष्टकरी जमीनदाराचे बांधील होते. १८१६ आणि १८१९ च्या कायद्यांनी ते मोकळे झाले आणि नंतर त्यांना आडनावे लागली. ती कित्येकांना जमीनदाराने आणि त्याच्या कारकुनांनी लावली. गरिबाचे नाव दुसऱ्याने लिहायचे, ही रीत साऱ्या जगात होती.

आता आपले नाव आपण नीट लिहून घ्यायचे. त्यासाठी चार गोष्टी सांगतो, घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्या.

एक. बाळ जन्मले की २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करा. नाव ठरले नसेल तरी नोंद थांबवू नका. नोंदीनंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असते. आईचे नावही नीट सांगा.

दोन. घरातल्या प्रत्येकाचे एकच नाव ठरवा आणि सगळीकडे तेच लावा. शाळेचा दाखला, आधार, पासबुक, सातबारा. इंग्रजी स्पेलिंग एका चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवा आणि दर वेळी तीच चिठ्ठी दाखवा. 'चांगले' नाव म्हणून नवे तिसरे नाव काढू नका.

तीन. सातबाऱ्यात नाव लिहिताना चूक झालेली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत जुने फेरफार, शाळेचा दाखला, आधार असे पुरावे जोडा. म्हातारी माणसे हयात आहेत तोवर हे काम करा. नंतर वारस नोंदीच्या वेळी 'राघ्या म्हणजेच राघो' हे सिद्ध करताना नातवांच्या चपला झिजतात.

चार. वनपट्टा मिळाला असेल तर कागद उघडून बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याने लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावे असायला हवा. बायकोचे नाव आहे का, आणि माहेरच्या हाकेचे लिहिले की सासरचे, ते तपासा. मायबहिणींनो, हे काम तुम्ही स्वतः करा.

बाबांचा अर्ज आम्ही त्याच आंब्याखाली लिहिला. आधारवरचे 'राघो' हेच खरे धरायचे ठरले, कारण त्यांच्या आईने ठेवलेले नाव ते. पासबुकातही तेच करून घ्यायचे. अर्ज तहसिलीत दिला आहे. निकाल यायचा आहे आणि पैसेही अजून सुटलेले नाहीत. मी पाठपुरावा करतो आहे.

निघताना सुनेला विचारले, काय ठरले? ती म्हणाली, "ठाण्याच्या तुरुंगातलं ते राघोजी, ते आपल्यातलंच ना?" मी म्हटले, "हो, डोंगरापलीकडचे." मग तिने लेकरू सासऱ्याच्या मांडीवर दिले आणि माझ्यापुढे कोरा कागद धरला. "तर मग हितं लिहून द्या, राघोजी. मोठ्या अक्षरात. पंचायतीत नेऊन मी सोता दाखवते. त्यांनी दुसरं काय लिवलं तर मला वाचता येतं."

तुमच्या घरची पेटी कधी उघडताय? चार कागद शेजारी ठेवून बघा, सगळीकडे तुम्ही एकच आहात की नाही. पुढच्या वेळी भाताच्या राबाविषयी बोलू.

रामराम.