माहिती हा दानधर्म नव्हे

स्तनाच्या कर्करोगाची शंका आलेल्या स्त्रीला आपल्या समाजात सर्वप्रथम काय मिळत असेल, तर तो सल्ला होय. गाठ दुखत नाही ना, मग काळजी कशाला, असे शेजारीण म्हणते. सुई घातली की गाठ पेटते आणि रोग अंगभर पसरतो, अशी ताकीद एखादा नातलग देतो. कोणी गाठ विरघळवणारा काढा आणून देतो, तर घरातलेच कोणी तिचे ताट-वाटी निराळे काढते. यातले काहीही खरे नाही. ही गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती फसवी असते. सुईने तुकडा काढून तपासल्याखेरीज रोगाचे निश्चित निदान होत नाही, आणि त्या तपासणीपायी रोग पसरत नाही. काढ्याने कर्करोग बरा होत नाही आणि उष्ट्याने तो कोणाला लागत नाही. परंतु ही चार सरळ वाक्ये तिच्या भाषेत, तिच्याजवळ बसून सांगणारे कोणी नसते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि ९८ हजारांहून अधिक स्त्रिया त्याने मृत्युमुखी पडल्या. लवकर सापडल्यास जो बहुधा बरा होतो, त्या रोगाने एवढे बळी का घ्यावेत? स्त्रिया उशिरा येतात, अज्ञान आणि लाज त्यांच्या आड येते, असे उत्तर ठरलेलेच असते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत एकीचीही या रोगासाठी कधी तपासणी झाली नसल्याचे दिसले. जी व्यवस्था तिच्या दाराशी गेलीच नाही, तिने अज्ञानाचा ठपका तिच्यावर ठेवावा, हा न्याय कोणता?

दाराशी गेल्याने काय घडते, हे मुंबईनेच दाखवून दिले आहे. १९९८ साली टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्यांत हाताने स्तनतपासणी केली. उरलेल्या वस्त्यांत स्त्रियांना रोगाची माहिती एकदा देण्यात आली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीच्या वस्त्यांत रोग पुढच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते, तर अन्यत्र ४७ टक्के. पन्नाशीच्या व त्यापुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तसा निश्चित लाभ दिसला नाही. ही मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. हे काम महागड्या यंत्राने केले नाही. शिकवून तयार केलेल्या बायकांच्या हातांनी केले.

निदान झाल्यावर तर माहितीची गरज अधिकच वाढते. अमेरिकेत एके काळी संशयित गाठ असलेल्या स्त्रीला भूल देत, टेबलावरच तुकडा तपासत आणि कर्करोग निघाल्यास तिथेच स्तन काढून टाकत. शुद्धीवर आल्यावर तिला आपले काय झाले ते कळे. रोझ कुशनर या रुग्ण-पत्रकार स्त्रीने सत्तरच्या दशकात या रीतीविरुद्ध आवाज उठवला. निदान आणि शस्त्रक्रिया हे दोन टप्पे वेगळे असावेत, हे १९७९ साली तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने मान्य केले. पुढे १९८५ साली बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीने सिद्ध केले की, योग्य रुग्णांत केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी स्त्री तितकीच जगते. म्हणजे प्रश्न विचारण्याचा हक्क हा वैद्यकाचा अवमान नव्हता. त्या हक्काने वैद्यकाचेही भलेच झाले.

पण हा हक्क आपल्याकडील शेतमजूर बाईच्या हाती कितपत पोचतो? स्तन वाचवायचा तर नंतर काही आठवडे जवळजवळ रोज किरणोपचारासाठी जावे लागते. तालुक्याहून शहरात आलेल्या बाईने एवढे दिवस राहायचे कुठे, खायचे काय, बुडालेली मजुरी कोण देणार? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा सर्वांना लाभत नाही. परळच्या पदपथावर पथारी टाकणारी कुटुंबे आपण पाहतोच. अशा वेळी ‘सगळेच काढून टाका’ हे तिचे उत्तर स्वेच्छेचे मानायचे काय? निवासाची सोय नसेल, तर पर्यायाची माहिती ही थट्टाच ठरते.

शस्त्रक्रियेनंतर खरी लांबची वाट सुरू होते. हात सुजू नये म्हणून कोणता व्यायाम करायचा, गेलेले केस पुन्हा येतात का, पतीशी काय बोलायचे, हे ती घाईत असलेल्या डॉक्टरांना विचारू शकत नाही. अनेक गाठी शरीरातील संप्रेरकांवर पोसतात. त्यांच्यासाठी पाच किंवा अधिक वर्षे रोज एक गोळी घ्यावी लागते. बरे वाटू लागल्यावर ती गोळी का थांबवू नये, हे पटवून देणारे कोणी नसेल, तर स्वस्तातले औषधही वाया जाते. हे पटवून द्यायला, त्याच वाटेने गेलेली दुसरी स्त्री जवळ असावी लागते. डॉक्टरांची जागा ती घेत नाही. पण डॉक्टरांचे म्हणणे ती घरापर्यंत पोचवते.

आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतील, आधी औषधे आणि रुग्णालये मिळवा. सोबत आणि समुपदेशन हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. हा युक्तिवाद वरवर कणखर, पण आतून पोकळ आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. परंतु कोणत्या रुग्णालयात जायचे, कोणती कागदपत्रे न्यायची हे ठाऊक नसलेल्या बाईच्या लेखी ती योजना कागदावरच राहते. श्रीमंत स्त्री दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला विकत घेते. गरीब स्त्री अफवेवर विसंबते. औषधाइतकीच माहितीचीही विषम वाटणी झाली आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निदानाच्या दिवसापासून रुग्णाशी बोलणारी पगारी समुपदेशक असावी. रुग्णाच्या हाती तिच्या आजाराची व उपचाराची सोप्या मराठीतील लेखी नोंद द्यावी. किरणोपचाराच्या काळात निवास व भत्ता मिळावा. आशा कार्यकर्तीवर तपासणीचे काम लादताना तिला प्रशिक्षण द्यावे आणि मोबदल्याऐवजी वेतन द्यावे. स्वतःच हक्कावाचून राबणारी स्त्री दुसरीला हक्क कसा मिळवून देणार?

आणि शासन जागे होईपर्यंत आपण हातावर हात धरून बसू नये. वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला जवळचे खात्रीचे रुग्णालय आणि योजनेची प्रक्रिया माहीत असावी. निदान करण्याचा आव आणू नये, चमत्काराची आशा दाखवू नये. मात्र तपासणीच्या दिवशी त्या बाईबरोबर रांगेत उभे राहावे. ज्या संघटनेने मोर्चासाठी तिला हाक दिली, त्या संघटनेने रुग्णालयाच्या दारात तिला एकटी सोडता कामा नये.