ओल कुठून येते?

तिसऱ्या मजल्यावरच्या छताला ओल आली की सोसायटीत सर्वांत आधी चौथ्या मजल्याचं नाव निघतं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, ‘आमच्याकडे सगळं ठणठणीत कोरडं आहे, तुम्हीच बघा येऊन.’ मग सेक्रेटरी आदर्श उपविधींची प्रत काढतात. घरातल्या संडास-बाथरूम आणि सिंकमधून होणारी गळती सभासदाच्या खर्चाने, बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने, अशी वाटणी त्यात दिलेली असते. वाटणीबद्दल वाद नसतोच. ही गळती नेमकी कोणती, एवढंच उपविधी सांगत नाहीत. ते सांगायला प्लंबरला बोलावतात आणि खांद्यावर पिशवी अडकवून आलेल्या त्या माणसाला क्षणात न्यायाधीशाचं पद मिळतं. बसायला स्टूलसुद्धा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

जाणता मिस्त्री आल्या आल्या छिन्नी काढत नाही. आधी विचारतो. ओल बारा महिने असते की पावसाळ्यातच? सकाळच्या आंघोळी उरकल्या की वाढते का? घर आठवडाभर बंद होतं तेव्हा सुकली होती का? फक्त पावसात येत असेल तर बाहेरच्या भिंतीची भेग, नाहीतर गच्ची. तिथे त्याचं काम नाही. आंघोळीनंतर वाढत असेल तर सांडपाण्याची लाइन, नहाणी ट्रॅपच्या भोवतालचा सांधा, नाहीतर लाद्यांमधल्या फटी. रात्रंदिवस एकसारखी असेल तर संशय दाबाच्या लाइनीवर, म्हणजे जिच्यात पाणी कायम भरलेलं असतं तिच्यावर. मग घरातले सगळे नळ बंद करून तो मीटरचा काटा पाहत उभा राहतो. मीटर नसेल तर रात्रभर स्टॉप कॉक बंद ठेवायला सांगतो. नहाणीच्या तोंडाला बोळा कोंबून बाथरूममध्ये पाणी साठवतो, भिंतीवर पेन्सिलने खूण करतो आणि ‘उद्या याच वेळेला येतो’ म्हणून निघून जातो. कधी कमोडमध्ये रंग टाकून पाहतो. आणि हे सगळं करताना एक गोष्ट त्याला धरून चालावी लागते: स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी सरळ खाली उतरेलच असं नाही. वाट मिळेल तसं ते आडवं पसरतं आणि गळतीपासून चार-पाच फूट लांब, भलत्याच खोलीच्या छतावर उगवतं.

या सगळ्यात पाना एकदाही फिरलेला नसतो. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या लेखी काम झालेलं नसतं. ‘नुसतं बघायचे दोनशे?’ हा प्रश्न या धंद्यात पडलेल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. डॉक्टरने नाडी पाहून गोळी लिहून दिली तर आपण गोळीच्या किमतीवरून त्याची फी ठरवत नाही. प्लंबरची मजुरी मात्र वॉशरच्या किमतीशी ताडून पाहतो. ‘अहो, एवढंसं वॉशर तर होतं!’

त्या एवढ्याशा वस्तूभोवतीचं ज्ञान किती आहे ते पाहिलं तर हे बोलणं जरा अवघड होईल. नुसता ‘अर्धा इंच’ घ्या. जुन्या इमारतींमधला अर्धा इंची जीआय पाइप बाहेरून मोजला तर २१ मिलिमीटरच्या थोडा वर भरतो. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप जेमतेम १६ मिलिमीटरचा असतो, कारण त्याची मापं तांब्याच्या नळ्यांच्या मापांवरून आली. दुकानात दोन्ही अर्धा इंचच मागायचे. एकमेकांत बसणार मात्र नाहीत, मध्ये अडॅप्टर लागतो. जीआयवरचे आटे अर्ध्या आणि पाऊण इंचाला इंचामागे १४, एक इंचाला ११. हे आटे डायसेटने पाडणं, त्यावर सूत गुंडाळून सफेदा लावणं आणि पान्याने नेमकं आवळणं ही एकेकाळी या धंद्याची खरी परीक्षा होती. जास्त आवळलं तर फिटिंग तडकतं, कमी आवळलं तर ठिबकतं.

प्लास्टिकचे पाइप आले आणि हात बदलले. सीपीव्हीसीला आटे पाडायचे नसतात. कापायचा, कड साफ करायची, सोल्युशन लावून फिटिंगमध्ये घालताना पाव वळसा द्यायचा आणि थोडा वेळ धरून ठेवायचा. दिसायला काम सोपं झालं. पण सोल्युशन वाळायला वेळ लागतो आणि घरमालकाला पाणी लगेच सुरू करून हवं असतं. गरम पाण्याला कुठला पाइप चालतो हेही कळावं लागतं: सीपीव्हीसी ९३ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी बनलेला असतो, साधा यूपीव्हीसी गिझरच्या लाइनीला लावला तर तो मऊ पडून वाकतो. आणि हे सगळं भिंतीत गाडलं जाणार असतं. झिरी मारून पाइप बसवल्यावर टाइल लावण्याआधी हातपंपाने लाइनीत नेहमीपेक्षा जास्त दाब भरून काटा उतरतो का ते पाहायचं असतं. घाईत ही चाचणी गाळली, तर वर्षा-दोन वर्षांनी तीन हजारांच्या टाइल फोडून तीस रुपयांचा एल्बो बदलावा लागतो.

उंच इमारतींनी आणखी एक विषय अभ्यासाला लावला. पाण्याच्या दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो दाब पडतो. वीस मजल्यांच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून थेट खाली आलेल्या लाइनीत तळमजल्यावर सहा किलोच्या आसपास दाब तयार होतो. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह मध्ये नसेल तर गिझरचा कनेक्शन पाइप फुटायला फार वेळ लागत नाही. गंमत अशी की त्याच इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावरचा, सर्वांत महाग फ्लॅट घेतलेला माणूस शॉवरखाली करंगळीएवढ्या धारेत उभा असतो, कारण टाकी त्याच्या डोक्यावर जेमतेम तीन मीटर असते. त्याला प्रेशर पंप हवा, खालच्याला दाब उतरवायला व्हॉल्व्ह. पाइपात हवा धरली तर आणखी तिसरीच तऱ्हा. आणि महिनाभर गावाला जाऊन आल्यावर बाथरूममध्ये जो वास येतो, त्यावर औषध एक मगभर पाणी. ट्रॅपच्या वळणात साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं, तेच गटारातल्या वायूला अडवतं. ते वाळलं की दार उघडं. प्रामाणिक मिस्त्री हे फोनवरच सांगतो आणि दोनशे रुपये गमावतो.

हे कसब आलं कुठून? गावगाड्यात सुतार होता, लोहार होता, कुंभार होता, पाणी भरणारा कोळी होता. नळ दुरुस्त करणारा नव्हता. पाणी दूर अंतरावरून खेळवण्याची विद्या इथे नव्हती असं नाही. औरंगाबादला मलिक अंबरची नहर होती. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं गेलं आणि त्या वाहिनीवर हवेसाठी उच्छ्वासही बांधले गेले. पण ते पाणी हौदापाशी थांबायचं. हौदापासून चुलीपर्यंतचा प्रवास घागरीचा आणि पखालीचा. मुंबईत १८६० साली विहार तलावाचं पाणी नळाने आलं, पुढे तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा, आणि पाणी हळूहळू जिन्यावरून घरात चढलं. प्लंबर त्या नळाबरोबर आला. या धंद्याला ना जात मिळाली ना परंपरा.

मला हे एका अर्थी चांगलं वाटतं. बापाच्या धंद्यातून सुटायचं असलेल्या कितीतरी मुलांना इथे दार उघडं सापडलं. पण त्याची दुसरी बाजूही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात सुतार, लोहार, गवंडी, न्हावी, परीट, शिंपी, अगदी कुलपं बनवणाराही आहे. प्लंबर नाही. पारंपरिक कारागिरांची यादी करायला बसलं की हा माणूस कुणाला आठवत नाही, कारण तो परंपरेत नाहीच.

परंपरा नसली तरी एका भागाने मात्र ती तयार केली. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातून, विशेषतः पट्टामुंडाई भागातून, पिढ्यान्‌पिढ्या तरुण मुलं देशभर प्लंबिंगला जात आली आहेत. सुरुवात झाली ती फाळणीच्या आधीच्या कलकत्त्यात. पूर्व बंगालमधून आलेले कारागीर फाळणीनंतर निघून गेले आणि त्यांच्या जागी ओडिया हात आले. नद्यांच्या मुखाजवळचा, पुरा-वादळांचा तो प्रदेश. शेतीवर भिस्त ठेवणं कठीण. एक काका मुंबईत रुळला की त्याने पुतण्याला आणायचं, पुतण्याने मेव्हण्याला. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या बांधकामांवर प्लंबिंगच्या टोळीत ओडिया ऐकू येते ती त्यामुळे. पुढे पट्टामुंडाईत प्लंबिंगची स्वतंत्र सरकारी संस्थाच उघडली. देशाच्या एका कोपऱ्यातल्या तालुक्याने पाइप जोडण्यात नाव कमवावं आणि इथल्या आयटीआयच्या प्रवेशयादीत मात्र इलेक्ट्रिशियन आणि फिटर हेच ट्रेड आधी भरावेत, याचा विचार इथल्या पालकांनी करायला हरकत नाही.

आयटीआयमधला प्लंबरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. तो केलेली मुलं बहुधा मोठ्या कंत्राटदाराकडे, हॉटेलात, हॉस्पिटलच्या देखभाल विभागात जातात. घरोघरी दिसणारा मिस्त्री मात्र बहुतेक वेळा हेल्पर म्हणून तयार झालेला असतो. पहिलं वर्ष भिंतीला झिऱ्या मारण्यात आणि सामान वाहण्यात. मग पाइप कापणं, मग जोडणी. सांडपाण्याच्या लाइनीला उतार किती द्यायचा, हे उस्ताद सगळ्यात शेवटी हातात देतो, कारण तिथे चूक झाली की ती कायमची. पुढे एखाद्या हार्डवेअरच्या दुकानाशी बस्तान बसतं. दुकानदार गिऱ्हाईक देतो, मिस्त्री सामान तिथूनच घेतो. त्यात कमिशन असतं. ते गिऱ्हाइकाला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मजुरी देताना घासाघीस केली की तूट सामानात भरून निघते, हा साधा हिशेब आहे. अलीकडे अ‍ॅपवर दर छापील आले. घासाघीस संपली, कमिशन दुकानदाराकडून अ‍ॅपकडे गेलं.

कागदावरचा प्लंबर आणखी वेगळा. मुंबईत महापालिकेची नळजोडणी घ्यायची तर अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत करावा लागतो. नकाशा त्याचा, सही त्याची. खड्ड्यात उतरून जोडणी करणारा बहुधा दुसराच. मुंबईच्या पाण्यावर लिसा ब्यॉर्कमन यांनी ‘पाइप पॉलिटिक्स, कंटेस्टेड वॉटर्स’ (२०१५) आणि निखिल आनंद यांनी ‘हायड्रॉलिक सिटी’ (२०१७) ही पुस्तकं लिहिली. दोघांनाही शहर समजून घ्यायला इंजिनिअरांइतकाच प्लंबर आणि पाणी सोडणारा चावीवाला यांचा माग काढावा लागला. जमिनीखाली कोणता पाइप कुठून जातो आणि कोणत्या गल्लीत किती वाजता दाब येतो, हे नकाशापेक्षा या माणसांना जास्त ठाऊक असतं.

एक गोष्ट मात्र हलक्या सुरात सांगण्यासारखी नाही. चेंबर तुंबलं की सोसायटीतले लोक याच माणसाला म्हणतात, ‘जरा उतरून बघ ना दादा.’ बंद चेंबरमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास सुरुवातीला येतो, मात्रा वाढली की नाकाला कळेनासाच होतो, आणि माणूस शिडीवरच बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी आहे. ती महापालिकेला आहे तशीच सोसायटीच्या सेक्रेटरीलाही आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. ‘उतरणार नाही, गाडी बोलवा’ असं म्हणणाऱ्या मिस्त्रीला कामचुकार ठरवण्याआधी हे आठवावं.

आजारपण, अपघात, म्हातारपण यांची सोय विचाराल तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या यादीत प्लंबर आहे. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. साइटवरच्या टोळीला तो कंत्राटदार देऊ शकतो. दिवसाला चार घरांतले चार नळ दुरुस्त करणाऱ्याने तो कुणाकडे मागायचा?

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात प्लंबरही आहेत. जर्मनीत हे काम शिकायला साडेतीन वर्षं लागतात. काही दिवस व्यवसाय-शाळेत, बाकीचे कंपनीत पगारी काम, आणि पाणी, हीटिंग, वातानुकूलन हे सगळं मिळून एकच व्यवसाय. आपल्याकडचा हेल्परही साडेतीन वर्षं काढतो, किंबहुना जास्तच, फक्त त्याची वही कुणी ठेवत नाही. ती उणीव भरून काढायला पूर्वअनुभवाला मान्यता देणारी सरकारी योजना आहे: थोड्या दिवसांची उजळणी, परीक्षा, प्रमाणपत्र. ते घेऊन परत आलेल्या मिस्त्रीला गिऱ्हाईक एकही पैसा जास्त देत नाही, म्हणून पुढचा जात नाही. सोसायट्यांनी कामाचं पत्रक काढताना त्यात या प्रमाणपत्राची एक ओळ घालायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. तूर्त त्या पत्रकात मागितलेली असतात ती फक्त तीन कोटेशनं, आणि काम जातं सर्वांत खालच्या दराला.