‘ख्रिस्तपुराणा’तील प्रतीक्षा

फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा (१६१६) विचार आपल्या अध्यापनात बहुधा मराठीच्या स्तुतिपर ओव्यांपुरताच होतो. हा ग्रंथावर अन्याय आहे. त्यातील ‘पहिले पुराण’ जुन्या करारावर, तर ‘दुसरे पुराण’ नव्या करारावर आधारलेले आहे. मानवाच्या पतनापासून तारकाच्या जन्मापर्यंतची प्रतीक्षा हेच पूर्वार्धाचे सूत्र होय. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात ख्रिस्ती उपासक दरवर्षी हीच प्रतीक्षा अनुभवतो. तिच्या अखेरीस येणारे ईश्वरी प्रेम मानवाची पात्रता पाहत नाही. ते देह धारण करून गव्हाणीत उतरते. भक्तासाठी विटेवर तिष्ठणारा देव जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा भाव परका वाटू नये. पुराणश्रवणाची सवय असलेल्या गोव्यातील नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी स्टीफन्स यांनी ओवी स्वीकारली, ती हे प्रेम सांगण्यासाठी. ते वगळून केलेला भाषाभ्यास अपुराच ठरेल.