डोंगर की ढेकूळ?

संगणकावर तुम्ही हौसेने डोंगर काढता. पण तो मातीच्या ढेकळासारखा दिसतो. असे का बरे व्हावे? डोंगर काय, ढेकूळ काय, दोघांचा खडबडीतपणा सारखाच. नुसत्या आकारावरून मोठेपणा कळत नाही.

आता वसईहून पूर्वेकडे तुंगारेश्वरचे डोंगर पाहा. जवळच्या माडाची झावळी न् झावळी मोजता येते. डोंगरावरची झाडी मात्र एकसंध, निळसर दिसते. मधल्या हवेने विखुरलेला प्रकाश तिच्यावर पडद्यासारखा पसरतो. चित्रात हा पडदा आणा, पायथ्याशी इवलेसे घर ठेवा. डोंगर आपोआप मोठा होईल.

म्हणून आमचे मत असे, की संगणकाच्या तासाआधी शिक्षकांनी मुलांना शाळेच्या गच्चीवर न्यावे. पाहिलेच नाही, ते यंत्राला सांगणार कसे?