जुना गीझर घ्यावा का?

डिसेंबर सरत आला की कांदिवलीत पहाटे अंगावर काटा येतो. नाशिक-पुण्याचे पाहुणे आमच्या या थंडीला हसतात. हसोत बापडे! आमच्याकडे आईंचे गुडघे धरतात आणि धाकटी जेमतेम तीन वर्षांची. या दोघींना गार पाण्याने अंघोळ कोण घालणार?

म्हणून रोज सकाळी गॅसवर मोठे पातेले चढायचे. उकळते पाणी फडक्याने धरून स्वयंपाकाच्या ओट्यापासून मोरीपर्यंत न्यायचे. गेल्या आठवड्यात नेमकी धाकटी पायांत आली. पाणी हिंदकळून फरशीवर पडले, तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर. त्या रात्री घरात ठरले, गीझर आणायचाच.

योगायोग असा की शेजारचे भाऊ खोली सोडून विरारला निघाले होते. त्यांचा गॅस गीझर विकाऊ होता. "वहिनी, बाराशे द्या आणि घेऊन टाका. चार वर्षांत एक तक्रार नाही," ते म्हणाले. नव्याला याच्या कितीतरी पट पैसे पडतात. आमचा हात खिशाकडे गेलाच होता. आई म्हणाल्या, "आधी पेटवून तर बघा."

पेटवून पाहिला. ज्योत निळी हवी, ती पिवळी होती. वरच्या पत्र्यावर काजळी धरलेली. रबरी नळीवर छापलेली मुदत कधीच उलटून गेलेली. नळी बदलता येते, बर्नर साफ करता येतो. पण खरी अडचण गीझरची नव्हती, आमच्या मोरीची होती. चार फूट बाय तीन फूट, दार लावले की हवेला वाट म्हणून एक झरोका, तोही थंडीत पुठ्ठा लावून बंद केलेला.

गॅस जळायला हवेतला प्राणवायू लागतो. कोंडलेल्या जागेत तो कमी पडला की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला वाटते, गॅस सुटला तर वास येईलच. पण तो वास सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. जळून तयार झालेल्या या विषाला तो नसतो. रक्त हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. डोके जड होते, मळमळते, पाय लुळे पडतात आणि कडी काढायलाही हात उचलत नाही. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अशीच अंघोळीला गेली ती वाचली नाही.

गावाकडचा तांब्याचा बंब आठवला. लाकडे, गोवऱ्या, मिळेल ते त्याच्या पोटात घालायचे; धुराने डोळे चुरचुरायचे. पण तो अंगणात असायचा! गॅस गीझरही खोलीबाहेर मोकळ्या हवेत बसवून पाणी नळाने आत आणता येते. ज्यांना गॅलरी आहे त्यांनी तसे जरूर करावे. आमच्या दाराबाहेर मात्र सगळ्यांची ये-जा.

मग विजेच्या जुन्या गीझरचा विचार केला. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. २००० वॅटच्या गीझरला पंधरा-सोळा मिनिटे. खर्च वाटतो तेवढा नाही. पण जुन्याची टाकी आतून गंजली आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. घ्यायचाच असेल तर तळचे पाणी पांढऱ्या मगात काढून पाहावे, तांबूस निघाले तर नमस्कार करून परत यावे. थर्मोस्टॅट आणि सुरक्षा झडप कारागिराकडून तपासून घ्यावी. भिंत भरल्या टाकीचे वजन पेलेल का, तेही पाहावे. आमच्याकडे तर अर्थिंगच धड नव्हते, हे वायरमनने स्क्रू काढल्यावर कळले. एवढी वर्षे आम्ही त्याच घरात पाण्यात रॉड टाकत होतो.

शेवटी यंदा पैसे वायरिंगवर गेले. १६ अँपियरची स्वतंत्र लाइन झाली. नवा छोटा गीझर बोनस झाल्यावर. तोवर धाकटीला पलंगावर बसवल्याशिवाय पातेले उचलायचे नाही, आणि बादलीत गार पाणी आधी, गरम मागून.

भाऊंना नकार सांगितला तर ते आठशेवर आले. आम्ही कारण सांगितले, काजळीही दाखवली. ते जरा रागावलेच. दोन दिवसांनी गीझर नालासोपाऱ्याच्या एका नव्या जोडप्याने नेला. पिशवीत घालून जिना उतरत होते, तेव्हा आम्ही त्या मुलीला थांबवून विचारले, "बाळ, तुमच्या मोरीला खिडकी आहे का ग?"

ती नवऱ्याकडे पाहू लागली.