परसातली लिली

मुंबईतला हिंदमाता भाग सखल. मोठ्या पावसात तिथे पाणी तुंबते. तिथून जवळच दादरच्या फुलबाजारात हारासाठी पांढऱ्या लिलीच्या जुड्या येतात, त्या मिटल्या कळ्यांच्या. उमललेले फूल टिकत नाही; म्हणून कळीच खुडावी.

तुमच्याही परसात पाणी रेंगाळणारा सखल कोपरा असेल. ऊन येत असेल, तर पावसाच्या तोंडी तिथे हीच लिली लावा. तिला ओल मानवते. कंद फूटभर अंतरावर ठेवा. तीन-चार वर्षांनी गड्डे दाटले, फुले घटली की उपटून वेगळे करा. उरलेले शेजारणीला द्या.

मात्र जपा! कंद कांद्यासारखा दिसतो, पण विषारी असतो. पोटात गेल्यास उलट्या होतात. कांद्याच्या टोपलीपासून, पोरांपासून आणि गुरांपासून तो दूरच ठेवा.