उंबरठ्यावरचा पहारेकरी

थिऑसॉफीवाले मुंबईत आले १८७९ साली. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट आधी राहिले गिरगावात. 'द थिऑसॉफिस्ट' मासिकही त्याच वर्षी मुंबईतून निघालं. १८८२ अखेर मंडळी अड्यारला गेली. असो.

त्यांच्या गूढविद्येतली एक कल्पना मला भारी वाटते, उंबरठ्यावरच्या पहारेकऱ्याची. मूळ बुल्वर-लिटनच्या 'झनोनी' (१८४२) कादंबरीतली. साधक दाराशी पोचला की एक भयाण आकृती आडवी येते. थिऑसॉफीत ती झाली आपल्याच जुन्या वासनांचं उरलेलं रूप. कादंबरीत गंमत अशी, की मौजमजेच्या गोंगाटात ती दिसत नाही. माणूस सुधारायला बघतो, तेव्हा नेमकी समोर!

मला तिचं भयाण असणं मात्र पटत नाही. आपल्या षड्रिपूंचंही तेच. 'रिपू' म्हटलं की तो परका झाला ना! आमच्या लोअर परळात लोभ इस्त्रीचा शर्ट घालून फिरतो. १९८२च्या गिरणी संपाबद्दल कुणालाही विचारा... मालक, दत्ता सामंत, सरकार, सगळ्यांचे दोष तोंडपाठ. आणि गिरणीच्या जागी टॉवर आल्यावर आपल्या खोलीचा भाव चढला, तेव्हा झालेल्या गुदगुल्या? माझे आजोबा गिरणीत होते, तरी मलाही होतात. होऊ नयेत असं नाही. पण मालकांना शिव्या घालताना तेही बोलून दाखवावं.

हे चाळीतल्या एका काकांना ऐकवलं. म्हणाले, "ते राहू दे रे, फुटाला किती चाललाय सध्या?"